पाळकघरातलं जेवण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सिस्टरबाईंना या गावातली जुनी माणसं रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावून येणारी बाई म्हणून ओळखतात. त्या ख्रिस्ती होत्या, दर रविवारी उपासनेला दुसऱ्या बाकावर बसत, हे त्यानंतर आठवतं. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा विश्वास, आतिथ्य आणि सेवा या तीन गोष्टी एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीत एकमेकींत कशा मिसळून गेल्या, ते एका खऱ्या गावाच्या आधाराने सांगावं असं मी ठरवलं.

गाव फ्रान्समधलं आहे. नाव ल शांबों-स्युर-लिन्यों. दक्षिण-मध्य फ्रान्समध्ये साधारण हजार मीटर उंचीवर एक पठार आहे, तिथे लिन्यों नदीच्या काठी हे गाव वसलं आहे. पाइनची झाडं, दगडी घरं, लांबलचक हिवाळा, आणि बर्फाचा भुगा उडवत येणारा बोचरा वारा. शेतं लहान, जमीन हलकी. दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सचं सरकारच ज्यूंना धरून नाझींच्या हवाली करत होतं तेव्हा, या गावाने आणि आसपासच्या वस्त्यांनी हजारो जिवांना घरात घेतलं. त्यात ज्यू मुलं मोठ्या संख्येने होती. या माणसांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यांच्या तयारीबद्दल बोलायचं आहे. संकट आलं त्या दिवशी हे लोक एकाएकी उदार झाले नव्हते. पाहुण्याला घरात घेण्याचा सराव त्यांच्या हातांना आधीपासून होता.

या सरावाचं मूळ फार मागे आहे. फ्रान्स हा परंपरेने कॅथलिक देश. प्रॉटेस्टंट तिथे मूठभर. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा जाहीरनामा काढून त्यांना आपल्या पद्धतीने उपासना करण्याची मोकळीक दिली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो जाहीरनामा रद्द केला आणि मग शंभर वर्षं छळ झाला. पाळकांना फाशी, पुरुषांना वल्ही मारायला जहाजांवर जन्मठेप, स्त्रियांना तुरुंग. मारी द्युरां नावाची तरुणी १७३० मध्ये दक्षिणेतल्या एका बुरुजात कोंडली गेली. धर्म सोडते एवढं म्हणाली असती तर ती सुटली असती. ती बाहेर आली १७६८ मध्ये. त्या काळात हे लोक रानात, डोंगरकपारीत जमून उपासना करत, आणि फिरत्या पाळकाला एका घरातून दुसऱ्या घरात लपवत पुढे नेत. शांबोंच्या आजीबाई नातवंडांना याच गोष्टी सांगत. दार वाजलं आणि बाहेर कोणी जीव मुठीत धरून उभा असला तर काय करायचं, हे त्या घरांमध्ये नव्याने शिकवावं लागत नव्हतं.

पण नुसत्या आठवणींवर माणसं जेवू घालता येत नाहीत. त्यासाठी खाटा लागतात, घोंगड्या लागतात, कोणाच्या घरी किती जागा आहे याची कोणाला तरी माहिती असावी लागते. ही व्यवस्था कुठून आली, ते फार कमी सांगितलं जातं. पठाराच्या उत्तरेला सँतेतिएन हे कोळशाच्या खाणींचं आणि कारखान्यांचं शहर आहे. तिथले पाळक लुई कोंत यांनी १८९३ मध्ये एक काम सुरू केलं. खाणकामगारांची धुराने आणि उपासमारीने खंगलेली मुलं उन्हाळ्यात या पठारावरच्या शेतकऱ्यांच्या घरी ठेवायची, मोकळी हवा आणि दूध मिळू द्यायचं. शेतकऱ्याला थोडे पैसे मिळत, मुलाला अंगावर मांस चढे. वर्षानुवर्षं हे चाललं. पुढे पहाडी हवेसाठी येणाऱ्या कुटुंबांकरता गावात खाणावळी आणि राहण्याची घरं झाली. एक लहान आगगाडी पठारावर चढून थेट गावात येई. म्हणजे १९४० साल उजाडलं तेव्हा परक्याचं मूल घरी ठेवणं ही या गावात रुळलेली गोष्ट होती. दोन पिढ्यांतल्या बायकांना माहीत होतं की नवं मूल पहिल्या रात्री रडतं आणि तिसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या मागे धावायला लागतं. सेवेचा इतिहास लिहिणारे या तपशिलावरून घाईने पुढे जातात. मला तो पायाचा दगड वाटतो.

१९३४ मध्ये आंद्रे त्रोक्मे या मंडळीचे पाळक म्हणून आले. वडील फ्रेंच, आई जर्मन. पहिल्या महायुद्धात त्यांचं गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि त्या पोरवयात त्यांची गाठ शस्त्र चालवायला नकार देणाऱ्या एका जर्मन सैनिकाशी पडली. तेव्हापासून हिंसा नको हे त्यांच्या विश्वासाच्या गाभ्याशी जाऊन बसलं. त्यांची पत्नी माग्दा इटलीतल्या फ्लॉरेन्सची. दोघांची भेट अमेरिकेत शिकताना झाली. आंद्रे भरभरून बोलणारे, पटकन रागावणारे, पटकन रडणारे. माग्दा कामाची बाई. धर्माची मोठी मोठी वाक्यं तिला आवडत नसत. १९३८ मध्ये एद्वार तेइस हे दुसरे पाळक आले आणि दोघांनी मिळून गावात एक शाळा काढली. मुलं-मुली एकत्र शिकणारी, शांततेचा विचार मानणारी शाळा. सुरुवातीला तिला स्वतःची इमारतही नव्हती.

त्रोक्मेंनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्याकडच्या पाळकांनी ध्यानात घ्यावी. त्यांनी मंडळीतून तेरा जबाबदार माणसं निवडली. दर पंधरा दिवसांनी पाळक त्यांच्याबरोबर बायबलचा एखादा भाग अभ्यासायचे, चर्चा व्हायची, आणि मग प्रत्येकजण आपल्या भागातल्या घरांत तसाच अभ्यासवर्ग घ्यायचा. आपल्याकडे घरसभा होतात, तशाच त्या होत्या. पुढे निर्वासित आले तेव्हा याच वाटांनी निरोप गेले. कोणाच्या घरी जागा आहे, कोणाकडे बटाटे उरले आहेत, कोणाचा शेजारी भरवशाचा नाही, हे सगळं बायबल-अभ्यासाला जमणाऱ्या माणसांना माहीत असे. कागदावर काही नव्हतं. एका वर्तुळाला दुसऱ्या वर्तुळाचं सगळं माहीत नसे, आणि त्यामुळे एक पकडला गेला तरी बाकीचे वाचत.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीपुढे गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. देश सुन्न झालेला. त्या सकाळी शांबोंच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, दोन्ही पाळकांच्या वतीने एक निवेदन वाचलं गेलं. आपल्या सदसद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. त्या दिवशी गावात एकही निर्वासित लपलेला नव्हता आणि कोणतीही आज्ञा मोडायची वेळ आली नव्हती, तरी मंडळीने आपली बाजू आधीच ठरवून टाकली.

वेळ लवकरच आली. शरणागतीनंतर विशी शहरातून कारभार करणाऱ्या मार्शल पेतां यांच्या सरकारने १९४० च्या ऑक्टोबरमध्ये ज्यूंविरुद्ध कायदे केले. परदेशातून पळून आलेल्या ज्यूंना गुर्स, रिव्हसाल्त अशा छावण्यांत डांबलं. चिखल, थंडी, भूक, आजार. त्रोक्मे मार्सेलला गेले आणि क्वेकर पंथाच्या मदतकार्यातले बर्न्स चाल्मर्स यांना भेटले. मला छावणीत जाऊन सेवा करायची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. चाल्मर्सनी वेगळी अडचण सांगितली. छावणीतून काही माणसं, विशेषतः मुलं, सोडवून आणता येतात. पण त्यांना ठेवून घ्यायला कोणतंही गाव तयार होत नाही. तुमचं गाव ते गाव होईल का?

त्रोक्मे परत आले आणि त्यांनी हा प्रश्न मंडळीच्या वडीलमंडळापुढे ठेवला. पाळकाने परस्पर होकार दिला नाही. शेती करणारे, दुकान चालवणारे हे वडील एकत्र बसले आणि होय म्हणाले. पाळक त्या सभेला विचारायला गेला होता, हुकूम द्यायला नव्हे. ज्यांच्या घरात पाहुणा जेवणार, ज्यांच्या पोरांच्या वाटणीचं दूध कमी होणार, ज्यांच्या दारावर पोलिसाची थाप पडणार, त्यांनी होय म्हणायला हवं होतं.

आता थोडं त्या पाळकघराच्या स्वयंपाकघरात जाऊ. १९४०-४१ च्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. बाहेर बर्फ. माग्दा चुलीत लाकडं सारत होती. दार वाजलं. बाहेर एक जर्मन ज्यू बाई, अंगावर बर्फ, पायांत भिजलेले पातळ बूट. आत येऊ का, म्हणाली. माग्दा म्हणाली, अर्थातच, या. बाईला चुलीपाशी बसवलं, खायला दिलं, बूट वाळायला शेकोटीच्या धगीला ठेवले. मग माग्दा अंगावर शाल ओढून नगराध्यक्षांकडे गेली. गावचाच माणूस, कागदपत्रांचं काहीतरी करून देईल, असं तिला वाटलं. तो चिडला. परदेशी ज्यू बाई गावात ठेवून सगळ्यांना संकटात घालता का? उद्या सकाळी तिने गाव सोडलं पाहिजे. माग्दा घरी परतली तर बूट धगीने जळून काळे झालेले. रेशनचे दिवस, चामड्याचा तुटवडा. त्या बाईला पुढच्या मुक्कामाला पाठवायचं तर आधी तिच्या पायांसाठी बूट शोधायला हवे होते.

फिलिप हॅली या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये या गावावर पुस्तक लिहिलं, त्यात माग्दाने सांगितलेली ही हकीकत आहे. मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते, कारण तिच्यात सेवेचं खरं रूप दिसतं. मन कितीही मोठं असलं तरी बूट जळतात. विश्वास ठेवून ज्याच्याकडे जावं तो दार लावून घेतो. त्या संध्याकाळनंतर माग्दाने एक धडा गाठीशी बांधला: सरकारी माणसाला सांगायला जायचं नाही. पुढची चार वर्षं त्या दारातून माणसं येत राहिली, आणि कोण आलं याची नोंद कोणत्याही कचेरीत झाली नाही.

त्याच सुमारास घंटेचा प्रसंग घडला. १९४१ च्या उन्हाळ्यात पेतां यांच्या सरकारकडून देशातल्या सगळ्या चर्चमधल्या घंटा वाजवाव्यात असा हुकूम आला. शांबोंच्या मंदिराची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी एक किरकोळ बांध्याची बाई होती. उन्हाळ्यात हवापालटाला आलेल्या काही प्रतिष्ठित बायका तिला दरडावायला आल्या. ही घंटा मार्शलची नाही, देवाची आहे, असं सांगून ती दारात उभी राहिली. बाहेर पाऊस आला आणि त्या बायका निघून गेल्या. चर्चमध्ये सगळ्यात कमी पगार घेणाऱ्या माणसालाही तिथे आपण कशासाठी आहोत हे ठाऊक होतं.

१९४२ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये पोलिसांनी हजारो ज्यूंना घरांतून ओढून काढलं आणि एका सायकल-शर्यतीच्या बंदिस्त मैदानात कोंबलं. त्यात हजारो मुलं होती. ऑगस्टमध्ये विशी सरकारचे युवकविभागाचे सरचिटणीस लामिरां शांबोंच्या भेटीला आले. शाळेच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हातात एक पत्र दिलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे. आमच्यातही ज्यू आहेत. आम्ही ज्यू आणि इतर असा भेद करत नाही. त्यांना न्यायचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू. एवढं सरळ लिहिलेलं होतं. दोन आठवड्यांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. पाळकाकडे यादी मागितली. त्रोक्मेंनी दिली नाही. रात्रीत मुलं रानात, दूरच्या शेतघरांत पांगली होती. पोलीस तीन आठवडे ठाण मांडून बसले आणि त्यांच्या हाती जवळजवळ काही लागलं नाही. एका माणसाला मात्र त्यांनी पकडून बसमध्ये बसवलं. तो एकटाच त्या मोठ्या गाडीत. तेव्हा गावकरी ओळीने आले आणि खिडकीतून त्याला काहीबाही देत गेले. रेशनच्या त्या दिवसांत कोणी चॉकलेटचा तुकडा दिला, कोणी घरातलं खाणं. त्याच्या शेजारचं बाक भरून गेलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग १३ फेब्रुवारी १९४३ चा आहे. संध्याकाळी पोलीस पाळकघरी आले. त्रोक्मे, तेइस आणि गावातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक दार्सिसाक यांना अटक करायची होती. त्रोक्मे घरी नव्हते. पोलीस थांबले. ते आल्यावर कपड्यांची बॅग भरायची होती. अटक केव्हाही होईल म्हणून ती तयार ठेवलेली असे, पण थंडीत गरम कपडे वापरायला काढून घेतल्याने ती रिकामी झाली होती. या गडबडीत जेवणाची वेळ झाली. माग्दाने पोलिसांनाही ताटावर बसायला सांगितलं.

पुढे अनेकांनी तिला विचारलं, नवऱ्याला कदाचित मरणाच्या दारी न्यायला आलेल्या माणसांना तू जेवायला कसं बसवलंस? तिला हा प्रश्नच कळत नसे. जेवणाची वेळ होती, ते तिथे उभे होते, सगळ्यांनाच भूक लागली होती. यात क्षमा वगैरे काही नव्हतं, असं ती सांगे. तिचं हे म्हणणं मी शब्दशः खरं मानते. त्या घरात कोणी आलं की ताट मांडलं जात होतं, वर्षानुवर्षं. कोण आलं आहे ते पाहून ताट मांडायचं की नाही हे ठरवायची सवय त्या हातांना उरली नव्हती. तिथपर्यंत पोचायला प्रवचनं पुरत नाहीत. रोजच्या जेवणांची रास लागते.

बातमी गावात पसरली. माणसं भेटी घेऊन येऊ लागली. सार्डिन माशांचा डबा, साबण, मेणबत्ती. मेणबत्ती आहे पण काडेपेटी नाही, असं लक्षात आलं तेव्हा पोलीस अधिकाऱ्याने आपली काडेपेटी काढून दिली. कोणीतरी शौचाच्या कागदाची एक गुंडाळी आणली होती. तुरुंगात उलगडल्यावर त्रोक्मेंना तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेली बायबलची वचनं सापडली. कैद्यांना नेत असताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक ल्यूथरचं स्तोत्र गात होते. ज्या छावणीत त्यांना डांबलं होतं तिथे महिन्याभराने सुटकेचा कागद पुढे आला, पण त्यावर मार्शलच्या आज्ञा पाळीन अशी सही करायची होती. दोन्ही पाळकांनी नकार दिला. आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना तसंच सोडून देण्यात आलं.

सगळेच सुटले नाहीत. २९ जून १९४३ रोजी गेस्टापोने मेझों दे रोश या विद्यार्थी-वसतिगृहावर छापा घातला. अठरा विद्यार्थी आणि त्यांचे व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे पकडले गेले. दानिएल हे पाळक त्रोक्मेंच्या नात्यातले; प्रकृतीने नाजूक, मुलांसाठी रात्री जागून सूप करणारे. पळून जाणं त्यांना शक्य होतं, पण मुलांना सोडून ते गेले नाहीत. १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत त्यांचा अंत झाला. माग्दा छाप्याच्या वेळी अंगावरच्या एप्रनसकट आत शिरली, म्हणून शिपायांनी तिला स्वयंपाकीण समजून येऊ दिलं. पकडलेल्यांत एक स्पॅनिश मुलगा होता. त्याने पूर्वी नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला वाचवलं होतं. माग्दा सायकलवरून हॉटेलात धावली, तिथल्या जर्मनांकडून ती गोष्ट वदवून घेतली आणि तो मुलगा सोडवला. बाकीच्यांसाठी तिला काही करता आलं नाही. गावचे डॉक्टर ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये, मुक्ती हाकेवर असताना, जर्मनांनी गोळ्या घातल्या.

१९४३ च्या उन्हाळ्यानंतर दोन्ही पाळकांना भूमिगत व्हावं लागलं. मग काय काम थांबलं? नाही. खाणावळी चालवणाऱ्या बायका, शेतकरणी, मास्तर, शाळकरी पोरं, त्या तेरा वर्तुळांतली माणसं ते करत राहिली. खोटी ओळखपत्रं बनत राहिली, मुलं रात्री स्वित्झर्लंडच्या वाटेला लागत राहिली. निरोपांत निर्वासितांना ‘जुना करार’ म्हणत. इतके जुने करार पाठवतो, असा सांगावा येई. हे नोंदवणं गरजेचं आहे, कारण या गावाची गोष्ट एका पाळकाची शौर्यगाथा करून सांगण्याचा मोह सगळ्यांना होतो. पठारावर आणखी अनेक पाळक होते, डार्बीपंथी शेतकरी होते, कॅथलिक होते, स्विस मदतसंस्था होत्या, स्वतः ज्यूंच्या संघटना होत्या. किती जीव वाचले याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. पाच हजार हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो, काही अभ्यासक तो बराच खाली आणतात. माझ्या दृष्टीने आकडा खाली आल्याने काही उणं होत नाही. १९७१ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने आंद्रे त्रोक्मे यांचा गौरव केला, आणि १९९० मध्ये शांबों व आसपासच्या गावांतल्या लोकांचा मिळून केला. हा दुसरा गौरव मला अधिक योग्य वाटतो.

आता जिथे मला थांबायचं होतं तिथे आले. शांबोंच्या मंदिराच्या दारावर एकमेकांवर प्रीती करण्याची येशूची आज्ञा कोरलेली आहे. त्या दाराच्या आत येण्याची अट मात्र कोणत्याही ज्यू मुलाला घातली गेली नाही. ज्यूंना त्यांचा शब्बाथ पाळता यावा, त्यांच्या प्रार्थना करता याव्यात, याची काळजी घेतली गेली. आसरा दिला म्हणून बाप्तिस्मा घ्या, असं कोणी म्हटलं नाही. वाचलेल्यांनी मोठेपणी दिलेल्या साक्षींत ही गोष्ट वारंवार येते. त्रोक्मेंच्या मनात अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आश्रयनगरं होती. निर्दोष माणसाचं रक्त सांडू नये म्हणून ती नगरं होती. 

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाने सेवेबद्दल बोलावं आणि धर्मांतराच्या प्रश्नाला बगल द्यावी, हे बरोबर नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. विधवांना शिक्षण आणि घर देणारं ते काम किती मोठं होतं हे या सभेला सांगायची गरज नाही. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी उपाशी मुली गाडीतून केडगावला आणल्या, जगवल्या. मी रमाबाईंपुढे नतमस्तक आहे. पण दुष्काळात भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातातून आले की घेणाऱ्याला खरं स्वातंत्र्य किती उरतं, हा प्रश्न त्या काळच्या विरोधकांनी विचारला तो निव्वळ द्वेषाने विचारला असं मी म्हणणार नाही. आमच्या पूर्वजांपैकी अनेकांनी जातीच्या छळातून सुटायला, माणूस म्हणून उभं राहायला ख्रिस्त पत्करला. तो त्यांचा निर्णय होता आणि त्याचा मला अभिमान आहे. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत. आज सेवा म्हटली की संशय येतो. त्यावर रागावून उपयोग नाही. ताट मांडताना आपण काय मागतो, हे आपल्यालाच तपासायला हवं.

मी पाळकघरात वाढले. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या तालुक्याच्या गावातून माणसं मुंबईच्या वाटेला लागत, आणि एसटी स्टँड आमच्या घराच्या समोर असल्याने पाणी मागायला आमच्याकडे येत. आई पाण्याबरोबर मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा तुकडा आणि वाटीभर आमटी देई. माणसं वाढली की आमटीत पाणी वाढे. एकदा एक बाई दोन पोरं घेऊन जेवायला बसली. वडिलांनी नेहमीप्रमाणे जेवणाआधी आशीर्वाद मागितला. ती डोळे मिटून, हात ताटावर धरून बसली, आणि प्रार्थना संपल्यावर घाबरून आईला म्हणाली, बाई, आता मी बाटले का? आईने तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. म्हणाली, जेवून घ्या आधी, गाडी चुकेल. मी तेव्हा लहान होते. त्या उत्तरात किती धर्मशास्त्र होतं हे मला पुढे माग्दाबद्दल वाचताना कळलं.

लहान मंडळीला नेहमी वाटतं, आपण काय करणार? आमच्यात माणसं कमी, दानाच्या पेटीत पैसे कमी, छताचे पत्रे गळतात, तरुण पुण्या-मुंबईला गेले. शांबोंच्या मंडळीकडेही पैसा नव्हता. तिच्याकडे एकमेकांची ओळख होती. कोणाच्या चुलीवर किती मोठं पातेलं बसतं हे मोठ्या शहरातल्या चर्चला ठाऊक नसतं. लहान मंडळीला ठाऊक असतं. आणि त्या गावात ते काम युद्धाबरोबर संपलंही नाही. आज तिथे आश्रय मागणाऱ्या परदेशी कुटुंबांसाठी निवारा-केंद्र आहे. मॅगी पॅक्सन या मानववंशशास्त्रज्ञ बाईने २०१९ मध्ये त्या पठारावर पुस्तक लिहिलं. त्यात दानिएल त्रोक्मेंबरोबरच आफ्रिकेतून आणि कॉकेशसमधून आलेल्या या नव्या कुटुंबांचं आयुष्यही आहे. त्या पठारावर चुली अजून परक्यांसाठी पेटतात, पाहुण्यांची नावं तेवढी बदलली आहेत.

म्हणून समारोपाऐवजी एक सूचना मांडते. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी आणि पास्टरेट कमिटीचे बरेच सभासद समोर बसले आहेत. इथल्या सरकारी दवाखान्यात खेड्यांतून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक रात्री पोर्चमध्ये वर्तमानपत्र अंथरून झोपतात. बायकांना आडोसा नसतो. चर्चचा हॉल दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्यात दोन संडास आहेत, नळ आहे, प्रीतिभोजनाची मोठी पातेली आणि गॅसच्या शेगड्या आहेत. नाताळ, सुगीचा सण आणि लग्नं सोडली तर तो हॉल बंद असतो. महिला संघातल्या काही जणींशी मी बोलले आहे. आठवड्यातल्या वारांची वाटणी त्या करून घेतील. कोणालाही जात, धर्म विचारायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत, रविवारी उपासनेला या असंही म्हणायचं नाही. सतरंज्या, वीज, पाणी आणि सकाळचा चहा यांचा खर्च किती येईल त्याचा कागद मी तयार केला आहे. रात्री हॉलची किल्ली कोणाकडे राहील, एवढंच ठरायचं बाकी आहे. येत्या कमिटीच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, अशी माझी विनंती आहे.